तिसऱ्या दिवसाचा रस्ता

दामूदादांना आल्प्समधले सायकलचे रस्ते तोंडपाठ होते आणि सायकल चालवता येत नव्हती.

यात थापेबाजी काही नाही. त्यांचं गाव नायगावच्या खाडीकाठचं. पूर्वी तिथे जायचं ते एक तर होडीतून, नाहीतर भातखाचरांच्या बांधावरून पायी. बांध दीड हात रुंद. त्यावर सायकल घालणारा माणूस वेडा तरी असायचा, नाहीतर पाहुणा तरी. त्यामुळे वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत दामूदादा कधी सायकलवर बसले नव्हते. पण त्यांना विचारा, की दुसऱ्या दिवशी गिरणी मागे पडली की पुढे काय? हातातला चहा खाली ठेवून ते सांगायला लागत, "गिरन संपली का लाकडाचा पूल. पुलावर उतरायचं, सायकल हातात घ्यायची, फळ्या निसटत्या हायेत. मग साडेतीन किलोमीटर नदीसंगं. मोटार नाय, टेम्पो नाय. शांत." हा 'शांत' ते असा म्हणत, की सातिवलीच्या त्या गाळ्यात शेजारच्या कारखान्याचा प्रेस धाडधाड चाललेला असूनही क्षणभर थांबल्यासारखा वाटे.

आता आल्प्स आणि सातिवली यांची सोयरीक कशी जुळली ते सांगतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचा गाळा, म्हणजे शेठचा गाळा, प्लास्टिकची पाकिटं बनवायचा. बाहेरदेशीची माणसं सुट्टीत सायकलवरून भटकतात, त्यांच्या हँडलवर अडकवायचं पारदर्शक पाकीट. आत नकाशा ठेवायचा, पाऊस आला तरी भिजत नाही. ऑस्ट्रियातली एक लहानशी सहल कंपनी आमचं मोठं गिऱ्हाईक होती. मोठ्या रस्त्यांना हात न लावता दऱ्याखोऱ्यांतून, द्राक्षमळ्यांतून सहा दिवस सायकलने फिरवणं हा तिचा धंदा. त्यांचे बरेच पाहुणे इंग्रज, म्हणून रस्त्याची माहिती इंग्रजीत छापलेली. दिवसाला एक कार्ड, अशी सहा कार्डं. कार्डांचे गठ्ठे तिकडून येत, आम्ही ती क्रमाने पाकिटात घालून परत पाठवायची. क्रम बरोबर आहे का, कोपरा दुमडलाय का, पाकिटाची शिवण सुटली आहे का, हे तपासणारा माणूस म्हणजे दामूदादा.

मी डिस्पॅचचा क्लार्क. बी.कॉम. दुसऱ्या झटक्यात पास. शेठ मला 'इंग्लिशवाला' म्हणायचा. अभ्यास न करता मिळालेली माझी ही एकमेव पदवी. दामूदादांची शाळा तिसरीत सुटली होती, तीही मराठीतली. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तांदळाची भाकरी आणि सुकट बाजूला सारून त्यांनी हात पुसले, एक कार्ड माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "मास्तर, रोज चारशेदा हात लावतंय याला. लिवलंय काय ते तरी सांगा."

तेव्हापासून मी त्यांचा मास्तर झालो. वीस-बावीस वर्षांनी मोठा माणूस मला 'तुमी' म्हणायचा आणि मी खुशाल म्हणवून घ्यायचो. रोज दुपारी एक कार्ड. कुठे वळायचं, कुठे चढ, कुठे झऱ्याचं पाणी पिता येतं, कुठल्या गावात गुरुवारी दुकान बंद असतं. दामूदादा ऐकत ते डोळे मिटून, आणि मधेच थांबवून असे प्रश्न विचारत, की माझी पदवी उघडी पडायची. "द्राक्षाचे वेल मांडवावर हायेत का खांबावर?" "वाट कोनाच्या मळ्यातून जाते, मग तो मालक वरडत नाय?" मालक ओरडत नाही, त्यानेच वाट सोडली आहे, असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि तेच परत सांगायला लावलं.

ते त्यांनी परत का ऐकलं, ते मला नंतर कळलं. त्यांच्या घरची खाडीलगतची शेती होती. बांध फुटला, उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी कुणी बदलली नाही, खारं पाणी दोन वर्षं शेतात बसलं आणि तिसऱ्या वर्षी तिथे मातीचे ट्रक रिकामे व्हायला लागले. आता तिथे इमारती आहेत. त्यातल्याच एकीत, तिसऱ्या मजल्यावर, आमच्या घरच्यांनी नुकताच फ्लॅट घेतला होता. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा मी जीभ चावली, पण ते नुसतं म्हणाले, "मग तुमच्या स्वयंपाकघराखाली आमचं लांबटीचं खाचर असंल. चांगलं पिकायचं त्यात." आणि थोड्या वेळाने, "आमच्या वाटंचं कार्ड कोनी लिवलं नाय, मास्तर. लिवलं असतं तर निदान कळलं असतं कुठून जात होती."

सहा कार्डांतलं त्यांचं लाडकं कार्ड तिसरं. त्यात दोन्ही बाजूंना द्राक्षमळे, मधून ओढा, एक पडीक वाटणारं छोटं चॅपेल, म्हणजे आमच्या दोघांच्या बोलण्यात देऊळ, आणि देवळापाशी वळण. याच वळणावर त्यांनी मला अडवलं. मी वाचलं होतं, "देवळाशी उजवीकडे वळा, ओढ्याच्या प्रवाहाबरोबर चार किलोमीटर सौम्य चढ."

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"पान्यासंगं चाललो तर चढ कसा? पानी चढतं का, मास्तर? आमच्या खाडीत भरतीला चढतं. तिथं भरती येते का?"

आल्प्समध्ये भरती येत नाही, निदान बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात नव्हती, असं मी म्हटलं. वर हेही ऐकवलं, की ही परदेशी छपाई आहे, चुका करायला ती काय आपली रेशनकार्डं आहेत? दामूदादा हटले नाहीत. चार दिवस माझ्या टेबलाशी उभे राहत. "तिथं मानसं चुकत असतील. ओढा डावीकडनं येतो असं वर लिवलंय, चढायचं तर डावीकडं लिवायला पायजे. तुमी कळवा." शेवटी त्यांचा ससेमिरा चुकवायला मी माझ्या इंग्रजीत एक फॅक्स खरडला. शेठ म्हणाला, "अरे, कशाला कस्टमरची चूक काढतोस? ऑर्डर जायेल ना!"

आठवड्याने उत्तर आलं. मागच्या मोसमात कितीतरी पाहुणे त्या वळणावर उजवीकडे जाऊन ट्रकच्या हमरस्त्यावर पोचले होते आणि शिव्या देत परत आले होते. कंपनीला वाटत होतं पाहुणेच वेंधळे. कार्ड दुरुस्त होईल, आणि ही चूक ज्यांनी पकडली त्या गृहस्थांनी येत्या सप्टेंबरात आमचे पाहुणे म्हणून यावं. सहा दिवस, सगळा प्रवास, राहणं, सायकल आमच्याकडून. त्यांना फक्त सायकलवर बसायचं आहे.

मी हे वाचून दाखवलं. दामूदादांनी पाकीट खाली ठेवलं, आणि त्यांचा चेहरा आधी उजळून मग पार विझला. "बसायचं आहे म्हंजे चालवायची हाय ना?"

तिथे मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महागडं वाक्य बोललो. म्हणालो, "मी आहे ना, दादा. मी शिकवतो."

मी स्वतःला सायकलपटू समजत असे. आधार एवढाच, की स्टेशनपासून सातिवलीपर्यंत मी रोज माझ्या काळ्या सायकलने जायचो, आणि वसई ताटासारखी सपाट असल्यामुळे आजवर मला कुणी हरवलं नव्हतं. एप्रिलपासून रविवारी सकाळी आम्ही मिठागरात जाऊ लागलो. रुंद बांध, वाहतूक नाही, पडलात तर पाण्यात. दामूदादा पडले. पहिल्या रविवारी सात वेळा. मिठागरातल्या बायका टोपल्या ठेवून बघायला उभ्या राहत. एक म्हणाली, "काय रं दामू, सोताचं लोनचं घालतंस का?" दुसरी म्हणाली, "मास्तरलाच मागं बसव, मीठ तरी लागंल त्याला." दामूदादा मिठाने पांढरे होऊन उठत, सायकलची माफी मागितल्यासारखी तिची सीट झटकत आणि म्हणत, "परत."

त्यांच्या घरी त्यांच्या बायकोचा, वहिनींचा, वेगळा सूर होता. दामूदादांच्या अंगावरचे ओरखडे बघून त्या मला म्हणत, "भाऊ, एवढं आयुष्य मानूस चालत आला, कशाला त्याला पाडता? तिकडं जाऊन काय देव भेटनार हाय?" दामूदादा पायावर हळद लावत म्हणाले, "देव नाय गं. जुनी वाट अजून हाय असं एक ठिकान बगायचं हाय, बस."

हे त्यांचं एवढंच होतं. परदेश नको, विमान नको, फोटो नको. कुणीतरी जपून ठेवलेली वाट स्वतःच्या पायाखाली, म्हणजे चाकाखाली, बघायची. ते नेहमी इतकं थोडं मागत, की आपल्याला देणं सोपं वाटायचं.

त्यांच्या पडण्याचं कारण मी माझ्या तल्लख बुद्धीने शोधून काढलं. तोल गेला की ते घाबरून ब्रेक आवळत, चाक जागच्या जागी थांबे आणि ते आडवे होत. मग मी ब्रेकचे रबरच काढून टाकले. "दादा, थांबायचं तर पाय टेकायचे, वसईत सगळे असेच थांबतात." हे खरंही होतं. आमच्याकडे निम्म्या सायकलींना ब्रेक ही शोभेची वस्तू असायची. उपाय लागू पडला. मे संपता संपता दामूदादा मिठागराच्या बांधावरून एक टोक ते दुसरं टोक न पडता गेले. टोकाशी पाय टेकून उभे राहिले आणि मागे वळून इतके हसले, की टोपल्यावाल्या बायकांनीही टाळ्या वाजवल्या. मी खिशात हात घालून गुरूसारखा उभा होतो.

रबर माझ्या घरी होते. एका बरणीत.

पावसाळ्यात त्यांचा पासपोर्ट आला, व्हिसा आला. माझ्या हातून काही बिघडणार तर ते फॉर्म भरतानाच, अशी माझी खात्री होती. त्यामुळे तिथे सगळं सुरळीत झाल्यावर मी निर्धास्त झालो. निघायला तीन आठवडे राहिले, तेव्हा दामूदादांनीच आठवण काढली, "मास्तर, तिसऱ्या दिवशी लांब उतार हाय. आपन उतार केलाच नाय." वसईत उतार आणायचा कुठून? सातिवलीच्या मागे तुंगारेश्वराचा डोंगर आहे, देवळाकडे जाणारा रस्ता चढाचा आहे. पाऊस उघडला होता. रविवारी आम्ही सायकल हाताने ढकलत वर नेली. त्यांनी टोपी घट्ट केली, सायकलवर बसले आणि निघाले.

पहिली तीस-चाळीस पावलं मी कौतुकाने बघत होतो. मग सायकल ज्या वेगाने जायला लागली तो वेग मी मिठागरात कधी पाहिला नव्हता. त्यांनी ब्रेक दाबलेला मला दिसला. हाताची मूठ पांढरी झालेली दिसली. आणि त्या क्षणी मला ती बरणी आठवली. मी काय ओरडावं? मी ओरडलो, "पाय टेका!" चार महिने तेच तर शिकवलं होतं. आज्ञाधारक विद्यार्थ्याने त्या वेगात पाय टेकला. मोरीच्या दगडावर.

मी धावत पोचलो तर ते दगडाला टेकून बसलेले होते आणि उजवा गुडघा नको त्या बाजूला होता. म्हणाले, "सायकल मोडली का, मास्तर?"

गुडघ्यात स्टीलची पट्टी बसवावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं, चालतील, पण पाय पूर्ण वाकणार नाही. सायकलचं विचारूच नका. मी इस्पितळात त्यांच्या खाटेशी उभं राहून ब्रेकच्या रबरांची सगळी हकिगत सांगून टाकली. मला वाटलं, आता ते तोंड फिरवतील. ते म्हणाले, "इसरलात. माज्या बी ध्यानात नाय आलं. दोघांनी मिळून इसरलो." वहिनी मात्र दाराशी उभ्या होत्या, त्यांनी मला वाट द्यायला अंगही चोरलं नाही. मी कडेकडेने बाहेर पडलो.

पुढचं सांगायला लाज वाटते, म्हणून पटकन सांगतो. त्यांच्या जागी मी गेलो. गल्फच्या आशेवर काढलेला माझा पासपोर्ट दोन वर्षं कोरा पडून होता, कंपनीच्या पत्रावर व्हिसाही वेळेत मिळाला. शेठ म्हणाला, "सीट रिकामी जायेल तर पार्टीला वाईट दिसेल. तू जा." मी दामूदादांना विचारायला गेलो, ते नाही म्हणतील या आशेने की भीतीने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ते म्हणाले, "जावा की. कोनीतरी आपलं मानूस बगून येईल. माजं एकच काम करा. तिसऱ्या दिवशी देवळापाशी थांबा. उगाच घाई नका करू. सगळं नीट बगा आनि मला येऊन सांगा. तुमी सांगितलं का मला दिसतंय."

आल्प्समध्ये मी किती किलोमीटर सायकल चालवली? पहिल्या दिवशी सदतीस. त्यातले शेवटचे नऊ रडत. माझ्या सायकलपटूपणाला आयुष्यात पहिल्यांदा चढ भेटला होता. संध्याकाळी मला बसता येत नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उभंही राहता येईना. सहलीची प्रमुख बाई फार चांगली होती. "त्या पाणी ओळखणाऱ्या गृहस्थांना भेटायचं होतं," असं तिने दोनदा म्हटलं. तिने मला सामानाच्या गाडीत बसवलं. तिथून पुढे मी उतरलोच नाही. तिसऱ्या दिवशी सगळे सायकलवाले त्या ओढ्याकाठच्या वाटेने गेले, आणि सामानाची गाडी बोगद्यातून, हमरस्त्याने. बॅगांवर डोकं ठेवून मी गाढ झोपलो होतो. जाग आली तेव्हा आम्ही मुक्कामाच्या हॉटेलपाशी होतो. बाईला विनंती केली असती तर दुसऱ्या दिवशी तिने मला मागे नेऊन ते वळण दाखवलंही असतं. मी विनंती केली नाही. म्हटलं, कार्ड तर मला पाठच आहे.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. ते ओटीवर पाय पुढे पसरून बसले होते. वहिनींनी चहा आणला आणि त्याही दाराला टेकून ऐकायला थांबल्या, हे विशेष. मी रंगलो. असा रंगलो, की माझंच मला खरं वाटायला लागलं. द्राक्षांचे घोस, ओढ्याचा आवाज, गवत कापणारा म्हातारा. दामूदादा डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "देवळात कोन हाय हो, मास्तर?"

आता वसईत राहणाऱ्या माणसाला चर्च आतून कसं असतं ते सांगायला अडचण कसली? आदल्याच वर्षी मी एका मित्राच्या लग्नाला इथल्या एका गावातल्या चर्चमध्ये गेलो होतो. तेच उचललं आणि आल्प्समध्ये नेऊन ठेवलं. मारियामातेची मूर्ती, निळं वस्त्र, पायाशी कागदाची फुलं, बाजूला मेणबत्त्यांचा स्टँड. "तुमच्या नावाने एक मेणबत्ती लावली, दादा."

त्यांनी डोळे उघडले.

"आत गेलात?"

"गेलो म्हणजे काय! दहा मिनिटं बसलो."

"कार्डात लिवलंय ना, छप्पर पडलंय, दाराला कुलूप हाय म्हनून? तुमीच तर वाचलं होतंत."

छापलेलं होतं. मीच वाचलं होतं. मी म्हणालो, "उघडलं असेल आता. दुरुस्त केलं असेल." आणि त्यांच्याकडे बघितलं. पाय मोडला तेव्हा त्या चेहऱ्यावर जे नव्हतं ते आता होतं. त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "दमला असाल. चा घ्या, निवतोय."

त्या दिवशी तिथेच मी सांगायला हवं होतं, की दादा, मी गाडीत झोपलो होतो. ब्रेकचं सांगितलं तसं. पण पाय मोडल्याची कबुली देणं मला सोपं गेलं आणि ही गेली नाही. मी चहा प्यायलो.

दामूदादा दोन महिन्यांनी कामावर आले. बसून तपासायचं काम, पाय स्टुलावर. जेवणाच्या सुट्टीत मी सवयीने त्यांच्याशेजारी बसलो. त्यांनी भाकरी सोडली, खाल्ली, डबा धुतला. कार्ड पुढे आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग माझ्या ध्यानात आलं, की नुसतं देऊळ गेलं नव्हतं. त्यांच्यासाठी गिरणी, लाकडी पूल, मालकाने स्वतः सोडलेली वाट, हे सगळं माझ्या तोंडून आलेलं होतं. ज्याने कुलूप असलेलं देऊळ उघडलं, त्याने आणखी काय काय उघडलं असेल याचा त्यांना काय भरवसा?

आणि त्यांचा संशय अगदीच चुकीचा होता का? हेही आता कबूल करून टाकतो. कार्डात चार ओळी असल्या तर मी कधी कधी आठ वाचत असे. त्यांचे डोळे मिटलेले असत, चेहरा असा शांत झालेला असे, की ओळी संपल्या हे सांगायचा धीर व्हायचा नाही. गुरुवारी बंद असणारं दुकान कार्डातलं. मालकाने सोडलेली वाट कार्डातली की माझी, ते मला आज शपथेवर सांगता येणार नाही.

पुढच्या मोसमाचे गठ्ठे आले. मी सवयीने तिसरं कार्ड काढलं. वळण दुरुस्त झालं होतं, डावीकडे. आणि तळाला बारीक अक्षरांत एक नवी ओळ होती. या कार्डातली चूक आमच्या पाकिटं तपासणाऱ्या मित्राने दाखवली, त्याने या रस्त्यावर न येता आम्हाला आमचा रस्ता शिकवला, त्याचे आभार.

मी गाळ्यातून धावत गेलो. "दादा! दादा, हे बघा, तुमच्याबद्दल छापलंय!" आणि उभ्या उभ्या वाचलं. शब्द न शब्द. त्या दिवशी मी एक अक्षर पदरचं घातलं नाही. दोनदा अडखळलो, इतकं खरं वाचायची सवय नव्हती.

दामूदादांनी कार्ड घेतलं. त्या ओळीवर अंगठा ठेवला, जसा ते कोपरा दुमडलाय का बघायला ठेवत. मग माझ्याकडे बघून हसले. रागाने नाही, तेच तर. आजारी माणूस भेटायला आलेल्याला बरं वाटावं म्हणून हसतो, तसे.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. पाय बरा हाय आता माजा."

"दादा, खरंच लिहिलंय. शेठला विचारा!"

शेठ पलीकडून फोनवर हात ठेवून म्हणाला, "हां हां, लिखा है बाबा, काम करो." दामूदादांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघांनी ठरवूनच हे केलं, असं त्यांना वाटलं हे मला स्पष्ट दिसलं. त्यांनी ते कार्ड दुसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये ठेवलं, पाकिटात सारलं, कोपरे दाबले आणि पुढचं घेतलं. त्या दिवशी चारशे आभार त्यांच्या हाताखालून गेले. एकाचाही कोपरा दुमडलेला नव्हता.

त्यानंतर वर्षभरात मी मुंबईला नोकरी धरली. पुढे काही वर्षांनी सायकलवाल्यांच्या हँडलवर रस्ता सांगणारी यंत्रं आली, पाकिटांची मागणी आटली आणि गाळा बंद झाला. दामूदादा नायगावलाच एका नव्या टॉवरच्या फाटकावर वॉचमन म्हणून बसत, असं कानावर आलं. जाऊन भेटायचं मी दर दिवाळीला ठरवत होतो. आमच्या घरापासून ते फाटक चालत वीस मिनिटांवर होतं. मी ठरवत राहिलो.

ते गेल्याचं कळलं तेव्हा बाराव्याला गेलो. वहिनी थकल्या होत्या, पण मला ओळखलं. मला राहवेना. माणसं पांगल्यावर त्यांच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "वहिनी, एक सांगायचंय. दादांबद्दल त्या कार्डावर छापलं होतं. आभार मानले होते. मी खोटं वाचलं नव्हतं."

वहिनींनी मान हलवली. "बोलले होते मला. त्या दिवशी घरी येऊनच बोलले. मास्तर माज्यासाठी काय काय रचून वाचतो, बोलले. बोलले, मानूस चांगला हाय, त्याला 'खोटं' म्हनवत नाय."

"नाही हो वहिनी, ते रचलेलं नव्हतं. ते खरोखर होतं."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. खरखरीत, उबदार हात.

"असंल हो, भाऊ," त्या म्हणाल्या. "असंल. जेवून जा."